पेशंटसोबत कोण?

१८५५, वाशिंद

१ ऑक्टोबर. गाडी वाशिंदला थांबते आणि पुढे जात नाही, कारण पुढे रूळच नाहीत. कल्याण ते वाशिंद हा टप्पा आजच सुरू झालाय. आसनगावला रूळ पोचतील १८६०च्या फेब्रुवारीत, कसाऱ्याला १८६१ साली आणि थळघाट चढून इगतपुरीला १८६५ साली. १८६०पर्यंत बोरीबंदरहून इकडे निघालेल्या गाडीचं शेवटचं ठाणं हेच. तुम्ही उतरता तेव्हा पलीकडे बैलगाड्या सोडलेल्या आहेत. घाट उतरून आलेला माल इथे गाडीत चढेल, मुंबईचा माल इथून गाडीवानांच्या ताब्यात जाईल. पाऊस ओसरलाय, हळवं भात पिवळं पडायला लागलंय, भातसा नदीचं पाणी अजून गढूळ आहे.

तुमच्याबरोबर तुमची आई आहे, वय ७८. या प्रवासाचा नियम असा, की साल बदलेल, पण आई तीच राहील आणि अपघातही तोच. गेली काही वर्षं ती विसरते. नातवंडांची नावं गेली. नवरा वारलाय हे कधी आठवतं, कधी नाही. तुम्हाला बऱ्याचदा ‘दादा’ म्हणून हाक मारते, कारण त्या घडीला तुम्ही तिचे थोरले भाऊ असता. पण घरात तिचं निभतं. हंडा कुठे, चूल कुठे, परसात जायची वाट कुठली, हे पायांना पाठ आहे. आणि प्रत्येक सालात एका रात्री ती लघवीला उठते, पडवीच्या पायरीवरून घसरते, डाव्या कुशीवर पडते आणि तिचा खुबा मोडतो.

चौघं तिला घोंगडीत घालून आत आणतात. डावा पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय. हाडवैद्य येतो, बांबूच्या कांबी बांधतो, लेप लावतो. दुखणं थांबावं म्हणून अफूची गोळी देतात, ती बाजारात उघड मिळते. आत काय मोडलंय हे बघायचं साधन नाही. क्ष-किरणांचा शोध ४० वर्षांवर आहे, आणि खुब्यात खिळा बसवायची शस्त्रक्रिया रुळायला १९३०चं दशक उजाडणार आहे. भायखळ्याला जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ साली निघालंय आणि आजपासून मुंबईला गाडीने जाता येतं. पण नेऊनही तिथले डॉक्टर कांबीच बांधणार.

आई घरीच राहते. दुसऱ्या आठवड्यात ताप चढतो, मग छाती भरते, पाठीवर जखमा होतात. तिसऱ्या आठवड्यात ती जाते. हे नीट बघून घ्या, म्हणजे ‘पूर्वीचं बरं होतं’ असं म्हणायचा मोह होणार नाही. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस त्या काळी अंथरुणातच संपायचं. मात्र एक गोष्ट टिपून ठेवा. तापात ती बरळली, पण आपण कुठे आहोत हा प्रश्न तिला पडला नाही. डोळे उघडले की तोच आढा, तोच चुलीचा धूर, उशाशी तीच माणसं. तिने ‘दादा’ म्हटलं की तुम्ही ‘ओ’ दिलीत.

१९०१, ठाणे आणि फ्रँकफुर्ट

ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं मनोरुग्णालय सुरू होतंय. पुढे कितीतरी पिढ्या ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतील तेव्हा बोट या आवाराकडे असेल. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय कुठेच नाही, आणि तशी म्हातारी माणसंही थोडी आहेत. या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास आहे. बालमृत्यूंनी तो आकडा खाली ओढलाय हे खरं, तरी अठ्ठ्याहत्तरी गाठणारे विरळाच. म्हणून या सालात वाशिंद सोडून लांब जाऊ.

२५ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली आहे, आउगुस्ट डेटर. तिचा नवरा रेल्वेत कारकून आहे. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिला नाव विचारतात, ती सांगते. नवऱ्याचं नाव विचारतात, तर ती पुन्हा स्वतःचंच सांगते. पुढ्यात फुलकोबी आणि डुकराचं मांस आहे, आणि काय खातेस विचारलं तर पालक म्हणते. डॉक्टर एकेक उत्तर उतरवून घेतात. रात्री ती इतरांच्या खाटांशी जाते, ओरडते. तेव्हा तिला तासन्‌तास कोमट पाण्याच्या टबात ठेवतात, नाहीतर वेगळ्या खोलीत कोंडतात. तिला घरी परत नेणारं कुणी येत नाही.

आता साडेचार वर्षं पुढे. ८ एप्रिल १९०६ला ती वारते. तिचा मेंदू म्युनिकला अल्झायमरांकडे जातो, नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या परिषदेत अल्झायमर तिची हकिगत मांडतात, आणि १९१०मध्ये एमिल क्रेपेलिन आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचं नाव देतात. सगळं जग तो मेंदू बघतं. तुम्ही मृत्यूचं कारण बघा: पाठीवरचे शय्याव्रण चिघळले आणि संसर्ग रक्तात भिनला. आजाराने तिला खाटेला खिळवलं, पण शेवटचा घाव घातला तो खाटेने. तिची हरवलेली फाइल १९९५ साली फ्रँकफुर्टमध्येच सापडली. आज दवाखान्यात असलेल्या कुठल्याही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या नातेवाइकाने ती फाइल मृत्यूच्या कारणाच्या या एका ओळीसाठी आठवावी.

१९९०चं दशक, न्यू हेवन

इथे आईचा खुबा मोडला तर ती जगेल. एक्स-रे आहे, भूल आहे, प्रतिजैविकं आहेत, खुब्यात बसवायचे खिळे आणि गोळे आहेत. म्हणून आता नवी अडचण पुढे येते. ऑपरेशन नीट होतं, आणि दुसऱ्या रात्री आई भलतंच बोलायला लागते.

आपल्या गावात याला ‘वात झाला’ म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी सरकतो. वात काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत होतो, आणि एकाच दिवसात कमी-जास्त होत राहतो. सकाळी ओळख देणारी आई संध्याकाळी भिंतीवर साप बघते. त्याचा दुसरा प्रकार याहून फसवा. आई ओरडत नाही, नळ्या उपसत नाही, नुसती पडून राहते, घास तोंडात धरून ठेवते, हाकेला अर्धवट डोळे उघडते. वॉर्डात सगळे म्हणतात, ‘आजी आज शांत आहेत.’ हा शांतपणा बहुतेक वेळा नजरेतून सुटतो. संसर्ग, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, खडा झालेलं पोट, दुखणं, झोपमोड, औषधं, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. ज्याच्या मेंदूत आधीच स्मृतिभ्रंश आहे त्याला वात सगळ्यांत लवकर धरतो, आणि तो ओसरल्यावर माणूस दर वेळी पूर्वीच्या पायरीवर परत येतोच असं नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शेरन इनोये या वाताच्या मागे लागल्या आहेत. त्यांच्या वॉर्डातून तुम्ही एक फेरी मारा. खाटेसमोर फळ्यावर आजचा वार, आज कोण डॉक्टर, कोण नर्स, दिवसभरात काय होणार, हे लिहिलंय. एक स्वयंसेविका येते आणि रुग्णाशी कालच्या बातमीवर गप्पा मारते. चष्मा टेबलावर पडू देत नाहीत, डोळ्यांवर चढवतात. कानाचं यंत्र लावतात, मळ असेल तर काढतात. दिवसातून तीनदा उठवून चालवतात, नाहीतर खाटेवरच हातपाय हलवून घेतात. पाण्याचा पेला हातात देतात. झोपेची गोळी मागितली तर आधी गरम दूध, पाठीला हलकं मालीश आणि दिवे मंद. एवढंच. नवं औषध एकही नाही.

१९९९ साली निकाल छापून येतो. सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांत १५ टक्क्यांना वात झाला, या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या जास्त कामाची. एकदा वात झाला, की मग या सगळ्याने त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. जे करायचं ते आधी करायचं. म्हणजे अ‍ॅडमिट झाल्याच्या पहिल्या तासापासून.

२०१४, इंग्लंड

इथे थोडा वेळच थांबू. डॉ. जॉन जेरार्ड यांना स्मृतिभ्रंश आहे, पण घरी त्यांचं बरं चाललंय. फेब्रुवारीत पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठी त्यांना दवाखान्यात ठेवतात. तिथे उलट्या-जुलाबांची साथ आहे म्हणून भेटीगाठींवर बंधनं येतात. पाच आठवड्यांनी ते घरी येतात ते हाडांचा सापळा होऊन. चालता येत नाही, बोलता येत नाही, लघवी कळत नाही. पायाच्या जखमा बऱ्या झाल्या आहेत. नोव्हेंबरात ते जातात, आणि त्यांची मुलगी, लेखिका निकी जेरार्ड, मैत्रीण ज्युलिया जोन्ससह ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू करते. मागणी साधी आहे: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला दवाखान्यात हवं तेव्हा थांबू द्या. वेळेची पाटी त्याला लागू नको. तिकडची रुग्णालयं एकेक करून हे मान्य करतात.

वाशिंदच्या माणसाला यावर हसू येईल. आपल्या सरकारी वॉर्डात नातेवाईक नसेल तर पेशंटला पाणीही मिळायची मारामार, आणि तिकडे नातेवाइकाला आत येण्यासाठी चळवळ करावी लागते! ते हसू जरा राखून ठेवा.

२०२०, जळगाव

मार्चमध्ये महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झालाय. तो प्लेगच्या वेळचा, १८९७ सालचा. कोविड वॉर्डात नातेवाइकाला प्रवेश नाही. त्या घडीला याला पर्याय दिसत नाही. पण ज्याला आपण कुठे आहोत हे सांगूनही समजत नाही, ज्याच्यासमोर येणारा प्रत्येक जण मास्क आणि प्लॅस्टिकच्या डगल्यात आहे, त्याचं काय होतं हेही बघायला हवं. त्या वर्षी अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत आलेल्या, पासष्टी गाठलेल्या ८१७ कोविडरुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या २८ टक्क्यांना आले तेव्हाच वात झालेला होता. खोकला-ताप नसला तरी म्हाताऱ्या माणसात आजाराची पहिली खूण डोक्यात दिसू शकते, हे तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना कळून चुकलं.

जळगावच्या शासकीय रुग्णालयातून जूनच्या सुरुवातीला ८२ वर्षांची एक कोविडग्रस्त वृद्धा बेपत्ता होते. घरचे विचारत राहतात. १० जूनला, आठ दिवसांनी, तिचा मृतदेह वॉर्डाच्याच शौचालयात सापडतो. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केलं जातं. आजाराचं नाव बाजूला ठेवा. शौचालयाला गेलेली म्हातारी परत आली का, हे बघायला ज्या वॉर्डात कुणी नाही, तिथे काय होऊ शकतं, त्याची ही महाराष्ट्रातली नोंद आहे.

आत्ता, वाशिंद

यंदाचा जुलै. रात्रीचे दोन. पडवीत बल्ब आहे, पण बटण दाराच्या आतल्या बाजूला, आणि आई अंधारातच बाहेर गेली. धप्प आवाज येतो. तुम्ही धावता. डावा पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं.

तुम्ही १०८ लावता. ही सेवा महाराष्ट्रात २०१४पासून आहे. गाडी येईपर्यंत आईला उभं करून बघू नका, चालवून तर मुळीच बघू नका. त्या वेळात पिशवी भरा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, औषधांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट, अंगावर रोज घेते ती चादर. कवळी मागे राहिली तर पुढचे आठ दिवस ती नीट जेवणार नाही, आणि चष्मा-यंत्राशिवाय तिला सांगितलेलं काहीच पोचणार नाही.

पहिल्या रुग्णालयात एक्स-रे निघतो आणि केसपेपरवर ‘रेफर’ पडतं. महामार्गावर पावसातले खड्डे आणि ट्रकांची रांग. प्रत्येक खड्ड्याला आई कळवळते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचता तेव्हा साडेचार झालेत. ट्यूबलाइटचा उजेड, मशीनची पिपाणी, शेजारच्या खाटेवर अपघातातला पोरगा. दार उघडतं आणि कुणीतरी ओरडतं, ‘पेशंटसोबत कोण?’

पहिला धोका इथेच आहे. डॉक्टर वाकून विचारतात, ‘आजी, काय होतंय? दुखतंय का?’ आई हसून म्हणते, ‘नाय हो, मी बरी हाय. घरी सोडा, भात शिजत ठेवलाय.’ स्मृतिभ्रंशाची माणसं परक्यासमोर असं सावरून बोलतात. डॉक्टरांच्या हातात पाच मिनिटं आहेत, ते पुढे जातात, आणि केसपेपरवर दुखण्याची नोंद होत नाही. न्यूयॉर्कमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की खुबा मोडलेल्या प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना, तोच खुबा मोडलेल्या शाबूत स्मृतीच्या म्हाताऱ्यांच्या मानाने, मॉर्फिन एक तृतीयांशच मिळालं. हाड दोघांचं सारखंच मोडलेलं होतं. फरक एवढाच, की एकांना मागता आलं.

म्हणून तुम्ही बोला. तीन वाक्यं पुरेत. ‘हिला विसरायचा आजार आहे. कालपर्यंत हाताने जेवत होती, घरात चालत होती, मला ओळखत होती. दुखलं तर ती सांगत नाही, कपाळाला आठी घालते आणि चादर मुठीत धरते.’ मधलं वाक्य सगळ्यांत मोलाचं. काल ती कशी होती हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर आजचा गोंधळ त्यांना जुनाच वाटणार, आणि वात सुरू झालाय हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. मग विचारा, की दुखण्यावर आधी काही देता येईल का. मांडीच्या वरच्या बाजूला नसेजवळ भूल देऊन खुब्याचं दुखणं बरंच उतरवता येतं, आणि त्याने गुंगीही येत नाही.

सहा वाजता आई उठून बसायला बघते. हातातली सलाईनची सुई उपटते. लघवीची नळी ओढते. सिस्टर एकटी आहे, खाटा वीस. गॉजच्या पट्टीने आईचे हात कठड्याला बांधले जातात आणि ‘झोपेचं इंजेक्शन द्यायचं का’ अशी विचारणा होते. कुणाच्या मनात वाईट काही नाही. पण साखळी अशी सुरू होते: बांधलं की माणूस जास्त झगडतं, झगडलं की गुंगीचं औषध, गुंगीत गिळताना ठसका, ठसक्यातून फुप्फुसात संसर्ग, पडून राहण्याने पाठीला जखमा. वातात वापरलं जाणारं हॅलोपेरिडॉल आणि त्याच्या जातीची औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्येच दिला. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तर ती द्यावी लागतात, पण थोडी आणि थोडे दिवस. उलटीवर, खाजेवर दिली जाणारी प्रोमेथझिन, फेनिरामिन ही जुनी औषधंसुद्धा अशा डोक्यात गोंधळ वाढवतात. लघवीची नळी जरुरीपुरतीच हवी. ‘ही कधी काढणार?’ हा प्रश्न रोज सकाळी विचारा. नळी जितके दिवस राहील तितका संसर्ग जवळ येतो.

तुम्ही सिस्टरला म्हणता, ‘हात सोडा, मी धरून बसतो.’ ती तुमच्याकडे बघते, पट्टी सोडते. आई विचारते, ‘दादा, आपण कुठं आलोय?’ तिच्याशी वाद घालू नका. भाऊ वारून किती वर्षं झाली हे आत्ता सांगायची गरज नाही. ‘ओ’ द्या. पाय दुखतोय म्हणून दवाखान्यात आलोय, मी इथेच आहे, असं सांगा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारील, पुन्हा तेच सांगा. सुईचा हात चादरीखाली घ्या, दिसली नाही तर ती ओढणार नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, पण नंबर कधी लागणार ते विचारा. सकाळचं ऑपरेशन संध्याकाळवर गेलं की म्हातारं माणूस पाण्याविना सुकतं, आणि मधल्या वेळात घोटभर पाणी चालेल का हे भुलेचे डॉक्टर सांगू शकतात. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी उठून बसणं, हा हिशेब तुम्हालाही माहीत हवा.

आता ते राखून ठेवलेलं हसू. रात्री आठला वॉचमन येतो. ‘लेडीज वॉर्ड आहे, जेन्ट्स थांबायचं नाही.’ तुमची बायको पोरांना शेजारी ठेवून कसारा लोकलने निघालीय, पोचायला अजून वेळ आहे. ऑपरेशननंतर आईला आयसीयूत हलवतात. तिथे सोबतीला कुणीच नाही, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं काचेतून बघायचं. कारणं खोटी नाहीत. बायकांच्या वॉर्डात बायकांना संकोच होतो, आयसीयूत संसर्गाची भीती असते. पण ज्या रात्री वात होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, नेमक्या त्याच रात्री तिच्या ओळखीचा एकमेव चेहरा दाराबाहेर जिन्यात बसलेला असतो.

आपल्याकडे सोबतीची परंपरा आहे, असं आपण अभिमानाने म्हणतो. साध्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक स्ट्रेचर ढकलतो, बेडपॅन देतो, रक्ताची बाटली पोचवतो, औषधाच्या दुकानात पळतो. तो फुकटचा मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आहे म्हणून चालतो. दवाखाना जसा मोठा आणि महागडा होतो, तिथे हाताशी माणसं येतात, तशी त्या नातेवाइकाची गरज संपते आणि त्याची गर्दीत गणती होते. येलच्या त्या वॉर्डात पगारी माणसं आणि स्वयंसेवक ठेवून जे करून घेतलं, ते तुम्ही पहाटेपासून करताय: ओळख देणं, चष्मा चढवणं, पाणी पाजणं, झोपेच्या वेळी पाठीवर हात फिरवणं. त्याला उपचार म्हणून कुणी मोजत नाही. इंग्लंडला जे मागून घ्यावं लागलं, ते आपल्या हातात आयतंच होतं, आणि दवाखाने सुधारताना आपणच ते दाराबाहेर ठेवत आहोत.

आज वाशिंदच्या माणसाला मोठं रुग्णालय पूर्वीपेक्षा जवळ आहे. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा वाशिंदच्याच शहापूर तालुक्यातून सुरू झाला. दुसरीकडे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे, आणि गावांत त्याचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे तुमच्या आईसारख्या कितीतरी जणी यापुढे रात्री-अपरात्री या रस्त्यांनी कॅज्युअल्टीत पोचणार आहेत.

त्यांच्यासाठी इमारत बांधायला नको. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ‘स्मृतिभ्रंश’ अशी ठळक नोंद हवी, म्हणजे एक्स-रेला नेणारा मामाही तिला व्हरांड्यात एकटी सोडणार नाही. एका माणसासाठी चोवीस तासांचा पास हवा, तो आयसीयूच्या दारातही चालावा, मग त्याला हात धुवायला लावा, गाऊन घालायला लावा. बायकांच्या वॉर्डात मुलगाच सोबतीला असेल तर त्या खाटेला पडदा हवा. आणि बसायला खुर्ची हवी.

घरी करायचं ते त्याहून सोपं आहे. पडवीच्या बल्बचं बटण आईच्या हाताशी आणा. रात्री परसात जावं लागू नये अशी व्यवस्था करा. एका कागदावर लिहून ठेवा: तिला कोणत्या नावाने हाक मारायची, रात्री किती वाजता लघवीला उठते, काय खाते, कशाला घाबरते, दुखलं तर काय करते, औषधं कोणती आणि किती. तिची समज अजून बरी आहे तोवर अवघड गोष्टही बोलून घ्या, की पुढे आजार फार वाढल्यावर आयसीयू, नाकातली नळी, श्वासाचं यंत्र यांतलं काय हवं आणि काय नको. स्मृतिभ्रंश प्रगत झाल्यावर खुबा मोडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं सहा महिन्यांत गेली, अशी मॉर्फिनची पाहणी करणाऱ्या न्यूयॉर्कच्याच डॉक्टरांची दुसरी पाहणी आहे. हा निर्णय पहाटे साडेचारला, स्ट्रेचरला धरून घेण्याजोगा नाही.

सहाव्या दिवशी आईला घरी सोडतात. ती वॉकर धरून चार पावलं टाकते. रात्री अजून बरळते, त्याला आठवडे लागतील, आणि थोडंफार गेलेलं परत येणारही नाही. डिस्चार्ज कार्ड हातात मिळतं. त्यावर ऑपरेशन, बसवलेला गोळा, प्रतिजैविक, रक्ताच्या बाटल्या, सगळं लिहिलंय. तसंच परत फिरू नका. डॉक्टरांना विनंती करून त्याच कार्डावर आणखी एक ओळ लिहून घ्या: ‘स्मृतिभ्रंश आहे. दवाखान्यात वात झाला होता. ओळखीचं माणूस रात्रंदिवस जवळ असणं आवश्यक.’ खाली सही आणि शिक्का घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या दारात, दुसरा कुणी वॉचमन अडवील, तेव्हा तुमचं म्हणणं तो ऐकेल न ऐकेल, डॉक्टरांचा कागद मात्र त्याला वाचावा लागेल.